सावेसर आणि कुंभवलीचा शहाणा

सावेसरांनी मला वर्षभरात एकदाही नावाने हाक मारली नाही. मी सफाळ्याची, म्हणून मी ‘सफाळे’. "काय गं सफाळे, जेवलीस का?" ऑफिसात शिरल्या शिरल्या हा प्रश्न, मग घड्याळात सकाळचे साडेनऊ का वाजलेले असेनात. आमच्या कामात टॉवरना गावांची नावं असतात, आणि सरांनी तीच पद्धत माणसांनाही लावली होती. मला सुरुवातीला संताप यायचा. इंजिनिअरिंगची डिग्री घ्यायची, चार ठिकाणी मुलाखती देऊन नोकरी मिळवायची आणि शेवटी स्टेशनाच्या नावाने ओळखलं जायचं! एकदा मी तोंडावर म्हटलंही, सर, माझं नाव वैशाली आहे. त्यावर ते अगदी गंभीरपणे म्हणाले की वैशाल्या माझ्या ओळखीत तीन हायत, सफाळे एकच हाय. कप्पाळ!

आमचं ऑफिस म्हणजे बोईसरला एका दुमजली इमारतीतल्या तीन खोल्या. एका मोबाइल कंपनीचं कंत्राटी काम. कुठल्या टॉवरवर गर्दी झाली, कुठे फोन लागत नाही, कुठे बोलता बोलता तुटतो, ते शोधायचं आणि निस्तरायचं. सर मूळचे एडवणचे, वाडीवाले. घरी केळी, नारळ, थोडी पानवेल. निवृत्तीचं वय उलटून गेलेलं, पण या भागातला एकेक टॉवर त्यांच्या डोळ्यांदेखत उभा राहिलेला, म्हणून दरवर्षी त्यांना मुदतवाढ मिळायची. मी वर्षाच्या करारावर. वर्ष संपताना एकतर कायम करणार, नाहीतर नारळ देणार. नारळ मिळाला असता तर सफाळ्याला बाबांच्या दुकानात बसायचं आणि आईने काढून ठेवलेली स्थळं बघायची, हे ठरलेलंच होतं. दुकानाला मी नावं ठेवत नाही, त्याच दुकानावर मी शिकले. पण मला हे काम हवं होतं. अगदी जीव तोडून हवं होतं.

सर दिसायला काडीसारखे. डोक्यावर उन्हाने रंग उडालेली टोपी, खिशात दोन पेनं, आणि खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत काय असायचं? एक वही, पाण्याची बाटली आणि केळीच्या सोपटात बांधलेली सुकेळी. घरच्या केळ्यांची, घरच्याच अंगणात सुकवलेली. ही सुकेळी टॉवरच्या राखणदाराला, ज्याच्या जागेत टॉवर उभा आहे त्या मालकाला, चहावाल्याला, कुणालाही मिळायची. आमच्या दुसऱ्या टीमला एखाद्या इमारतीच्या गच्चीची किल्ली मिळवायला आठवडा लागायचा. सरांना ती जिन्यातच मिळायची. ईमेल मात्र ते वाचत नसत. कुणी विचारलं तर सांगत, मेल आलाय तर येऊ दे, माणूस आला की सांगेलच.

त्यांच्या टेबलामागच्या भिंतीवर दोन गोष्टी शेजारी शेजारी लटकत. एक टॉवरांचा नकाशा आणि दुसरं पंचांग. पहिल्याच दिवशी मी मनात म्हटलं, झालं, आता मुहूर्त बघून दुरुस्ती करणार हे. महिन्याभरात माझं तोंड बंद झालं. पंचांगात लग्नाच्या तिथींना लाल खूण होती, कारण त्या दिवशी मंगल कार्यालयांजवळचे टॉवर तुंबायचे. छठपूजेला निळी खूण, कारण बोईसरातली सगळी बिहारी माणसं त्या संध्याकाळी पाण्याकाठी जमतात आणि प्रत्येकाला घरी व्हिडिओ कॉल करायचा असतो. दिवाळीनंतरच्या पानावर बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, ‘डोंगराकडची गावं उतरली’. मी अर्थ विचारला तर त्यांनी मला संगणकावर पाड्यांकडच्या टॉवरांचे आलेख दाखवले. दिवाळी सरली की एकेक आलेख खाली बसत गेलेला. माणसं वीटभट्टीवर, रेतीवर, कामाला निघून गेलेली. होळीला तोच आलेख पुन्हा वर. मी ते आलेख कॉलेजातही पाहिले होते, पण त्यात माणसं असतात हे मला सरांनी दाखवलं. त्यासाठी मी त्यांची आजही ऋणी आहे.

तक्रार आली की सर ती संगणकात टाकायच्या आधी तक्रार करणाऱ्याला स्वतः फोन लावायचे. प्रश्न ठरलेले. तुमी आता कुठं उभे हाव? तोंड कुठं हाय? मागं काय हाय? पलीकडचा माणूस आधी चक्रावायचा. बोईसरच्या एका निवृत्त मास्तरांनी रागारागाने सांगितलं की मी माझ्या घरात उभा आहे आणि माझं तोंड तुमच्या कंपनीकडे आहे. सर त्याच दुपारी त्यांच्या घरी गेले, चहा प्यायले आणि पाहून आले की मास्तर फोनवर बोलताना येरझाऱ्या घालतात आणि कपाटामागे गेले की फोन तुटतो. मास्तरांनी येरझाऱ्यांची दिशा बदलली. तक्रार निकालात! मी हसून हसून बेजार झाले. सर हसले नाहीत. त्यांचं एकच म्हणणं असायचं, जाग्यावर जाऊन ये. काही झालं तरी, आधी जाग्यावर जाऊन ये.

आणि हेच मी केलं नाही. ते आता सांगते.

कुंभवली नाक्यावरचा टॉवर ही आमची जुनी डोकेदुखी होती. कारखान्यांची पाळी सुटली की संध्याकाळी सातपासून हजारो कामगार एकदम फोन काढतात. यूपी, बिहार, ओडिशा. प्रत्येकाचं घर हजार मैलांवर आणि बोलायला वेळ तेवढाच. आम्ही टॉवर वाढवले, एकाचे दोन भाग केले, दोनाचे तीन, तरी सातला सगळं ठप्प. शेवटी मुंबईच्या ऑफिसाने आमच्या भागासाठी एक स्मार्ट अँटेना मंजूर केला. तो एकच. दीड महिन्याची परीक्षा. गर्दी सुटली तर आणखी चार मिळणार, नाही सुटली तर हाही काढून दुसऱ्या शहरात नेणार. आराखडा करायचं काम माझ्याकडे आलं, आणि माझं कायम होणं-न होणं त्याच्यावर आहे, हेही मला मुंबईच्या साहेबांकडून गोड शब्दांत कळवण्यात आलं.

सर तर लग्न ठरल्यासारखे खुशीत. आयुष्यभर मी याचीच वाट बघत होतो, म्हणाले. लहानू, आमचा टॉवरवर चढणारा गडी, पाड्यावरचा, भीती म्हणजे काय ते ठाऊक नसलेला. त्याला हा एवढासा डबा काय करणार ते कळेना. सरांनी त्याला वाडीतली गोष्ट सांगितली. जुना अँटेना म्हणजे सगळ्या वाडीत पाणी सोडून देणं, झाडाला थोडं, वाटेला जास्त, आणि शेवटच्या झाडापर्यंत काहीच नाही. ह्या डब्यात बारके बारके पुष्कळ अँटेने हायत, ते मिळून ज्या झाडाला तहान लागली त्याच्याच आळ्यात पाणी नेतात, एकाच वेळी दहा झाडांना दहा वाटांनी. लहानू म्हणाला, म्हंजे शहाणा हाय. तेव्हापासून त्या डब्याचं नाव शहाणा पडलं. पण सरांनी लगेच पुढे जोडलं की शहाणा असला तरी तोंड कुठं करून बसवायचं ते आपणच ठरवायचं. पाठीमागचं झाड त्याला दिसत नाय.

मे महिना होता. बोईसरचं ऊन आणि कारखान्यांचा वास, दोन्ही डोक्यात जातात. मी ऑफिसच्या गारव्यात बसून उपग्रहाचा नकाशा उघडला. नाक्याच्या पूर्वेला कामगारांच्या चाळी, चार चार मजली, खच्चून भरलेल्या. माणसं राहतात तिथे, म्हणजे बोलतात तिथे. उत्तरेला एक तळं, पलीकडे मोकळी जागा. तिकडे कोण जातंय? मी शहाण्याचं तोंड चाळींकडे केलं, झोत उंच आणि अरुंद ठेवला, म्हणजे चारही मजले सापडतील. कागदावर फार देखणं दिसत होतं. आराखड्याच्या अर्जात एक रकाना असतो, ‘जागा पाहिली’. मी तिथे बरोबरची खूण केली.

सरांनी कागद हातात घेतला आणि विचारलं, जागा बघितलीस? मी हो म्हटलं. त्यांनी खाली सही केली. दुसरा कुणी असता तर ते स्वतः गेले असते. माझ्या शब्दावर विसंबून ते गेले नाहीत.

लहानूने शहाणा बसवला, जुना अँटेना उतरवला. दुसऱ्या दिवसापासून आलेख असे सुंदर झाले की काय सांगू! सात वाजता जिथे लाल भिंत उभी राहायची तिथे हिरवळ. मी हवेत. मुंबईला मेल पाठवला, कुंभवलीची गर्दी सुटली. साहेबांचं अभिनंदन आलं. आईला फोन करून सांगितलं की आता स्थळं बासनात बांधून ठेव.

सर मात्र दहा दिवस त्या आलेखाकडे येऊन बघत आणि परत जात. अकराव्या दिवशी माझ्या टेबलापाशी खुर्ची ओढून बसले. म्हणाले, "गर्दी कमी झाली, बरं झालं. पण मग माणसं गेली कुठं? कारखाने तर चालूच हायत."

त्या क्षणापर्यंत हा प्रश्न मला पडलाच नव्हता.

त्याच संध्याकाळी आम्ही कुंभवलीला गेलो. सातचा भोंगा झाला. कामगार बाहेर पडले, भाजीवाल्याशी घासाघीस केली, चाळीत शिरले आणि पंधरा मिनिटांत हातपाय धुऊन पुन्हा बाहेर आले. चाळीच्या मागून पायवाटेने सगळे चालले तळ्याकडे. एकेका खोलीत आठ आठ जण राहतात. बायकोशी बोलायचं तर सात जणांच्या देखत काय बोलणार? म्हणून बोलायला सगळे तळ्याच्या बांधावर. शेकडो माणसं, हाताहाताच्या अंतरावर, प्रत्येकाची पाठ दुसऱ्याकडे. माझ्या नकाशात ती जागा रिकामी होती. आणि बोलत कुणीच नव्हतं. फोन कानाला लावायचे, बघायचे, पुन्हा लावायचे. शहाण्याचं तोंड तिकडे नव्हतंच. गर्दी सुटली नव्हती, मी तिला दाराबाहेर ठेवलं होतं. आत गर्दी नाही म्हणून आलेख हिरवा.

ओडिशाचा बिपिन म्हणून एक तरुण कामगार तळ्याच्या पायरीवर बसला होता. सरांनी त्याला सुकेळी दिली आणि विचारलं. तो माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाला, "पहले यहाँ लग जाता था, मैडम. जब से नया डब्बा लगा है, तब से नहीं लगता." मग त्याने सांगितलं की त्याला मुलगी झाली, ते त्याला दोन दिवसांनी कळलं, गावाकडून आलेल्या दुसऱ्या माणसाकडून. तो भांडला असता तर बरं झालं असतं. तो भांडला नाही, उलट सुकेळं छान आहे म्हणाला. मी आयुष्यात इतकी खजील कधी झाले नव्हते.

परतताना सर मला एक शब्द लागट बोलले नाहीत. रात्रभर बसून आराखडा नव्याने करण्याचीही गरज नव्हती, चूक एवढी उघड होती. सकाळी लहानू वर चढला, शहाण्याचं तोंड तळ्याच्या बाजूला बरंच वळवलं, झोत बुटका आणि रुंद केला. आता चाळीही कवेत आल्या आणि बांधही. त्या संध्याकाळी बांधावर इतका कालवा झाला की एकाचं एकाला ऐकू येईना. आलेखही थोडा चढला, आणि तो चढलेला बघून सर पहिल्यांदा हसले.

पण मुंबईला माझा मेल गेलेला होता. दहा दिवस कामगारांच्या तक्रारी थेट मुंबईला जात होत्या आणि आम्ही तिकडे विजयाचे नगारे वाजवत होतो, हे साहेबांच्या नजरेतून थोडंच सुटणार? बैठक झाली. टेबलावर तो आराखडा. साहेबांनी ‘जागा पाहिली’ या रकान्यावर बोट ठेवलं आणि विचारलं की जागा खरंच पाहिली असती तर ही चूक कशी झाली असती, आणि याला जबाबदार कोण. माझं नाव कागदावर वर होतं. बोलावं, म्हणून मी तोंड उघडलं असेन-नसेन, तेवढ्यात सर बोलले.

"खाली सही माझी हाय, साहेब. तपासायचं काम माझं होतं. ते मी केलं नाय."

एवढंच. एक अक्षर खोटं नाही आणि माझं नावही नाही. साहेबांनी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी मान खाली घातली. मी गप्प बसले.

महिनाभरात निकाल लागले. शहाणा कुंभवलीलाच राहणार आणि आणखी चार मिळणार. माझं कायम झाल्याचं पत्र आलं. सरांची मुदतवाढ मात्र नाकारली गेली. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली ते चार डबे येणार होते, आणि सर ते लावायला असणार नव्हते. माझ्या पत्राच्या आनंदात त्यांनी ऑफिसभर सुकेळी वाटली. मला दोन जास्त. ती मी न खाता खणात ठेवून दिली. मी आज ज्या खुर्चीवर बसते, जे काम करते, आईबाबांना जी ताठ मानेने भेटते, ते सगळं त्या माणसाच्या एका वाक्यामुळे. त्यांच्या जागी मी असते तर बोलले असते का, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. उत्तर देण्याची हिंमत अजून झालेली नाही.

त्यांच्या शेवटच्या दिवशी ऑफिसात निरोपसमारंभ ठरला होता. दुपारीच सरांनी शाल-श्रीफळ घेतलं, दोन शब्द बोलायला नकार दिला आणि म्हणाले, चल, कुंभवलीची एक चाचणी राहिलीय. कसलीही चाचणी राहिलेली नव्हती, मला ठाऊक होतं. पण मी लॅपटॉप उचलला.

आमची चाचणीची रीत अशी की एकाने टॉवरच्या इमारतीवर लॅपटॉप घेऊन बसायचं आणि दुसऱ्याने फोन चालू ठेवून खाली गर्दीतून चालायचं. चालायचं काम सर कधी कुणाला देत नसत. सातच्या भोंग्याला मी नाक्यावरच्या गच्चीवर होते. सर तळ्याकडे गेले. बांध भरत आला आणि त्यांचा फोन आला. नेहमीसारखेच सांगत होते, आता पिंपळापाशी आलो, आता पायऱ्या, आता पार टोकाला. मी आकडे बघत हूं हूं करत होते. सगळं उत्तम होतं. त्यांच्या मागे शंभर आवाज येत होते, कुणी हसत होतं, कुणी बाळाशी बोबडं बोलत होतं.

समोर असते तर माझ्याच्याने झालं नसतं. फोनवर होते म्हणून झालं.

"सर," मी म्हटलं, "मी जागेवर गेले नव्हते. खोटी खूण केली होती. त्या दिवशी बैठकीत मी बोलायला हवं होतं."

"ठाऊक हाय," सर म्हणाले.

"मग तुम्ही का नाही सांगितलंत?"

"आपण दोघं बोललो असतो तर दोघं गेलो असतो. मग ते चार शहाणे कुणी लावले असते, मुंबईच्या साहेबांनी? एक माणूस इथं ऱ्हायला पायजे होता. मी म्हातारा झालो, आणि तू आता आयुष्यात कधी न बघता खूण करायची नायस. मग कुणाला ठेवायचं, तूच सांग."

मला हुंदका आवरेना. मी गच्चीच्या कठड्यापाशी गेले. संधिप्रकाशात बांधावर माणसंच माणसं, प्रत्येकाच्या कानाला फोन, आणि त्यांत सर कोणते ते मला शोधूनही सापडेना.

"आता रडत बसू नको," त्यांचा आवाज आला, "चाचणी चाललीय. माझं बोलणं कसं येतंय ते सांग."

मी डोळे पुसले आणि म्हटलं, "स्वच्छ येतंय, सर. एकेक शब्द स्वच्छ येतोय."